त्सुमागो पाहायला जाताय? नेहमी विचारले जाणारे प्रश्न

मी जपानमध्ये नागोयात राहते आणि दरवर्षी कोणी ना कोणी पाहुणे घेऊन त्सुमागो या जुन्या मुक्कामाच्या गावी जाते. जाण्याआधी फोनवर येणारे प्रश्न बहुतेक तेच असतात, म्हणून उत्तरं एकदाच नीट लिहून ठेवते आहे.

त्सुमागो आहे कुठं? आणि हे गाव वसलं कशासाठी?

नागानो प्रांतात, किसो नदीच्या खोऱ्यात, डोंगरांच्या बेचक्यात. आज ते नागिसो या नगराचा भाग आहे. एदो काळात, म्हणजे १६०३ ते १८६८ च्या दरम्यान, एदो म्हणजे आजचं तोक्यो आणि क्योतो यांना जोडणारे दोन मोठे रस्ते होते. एक समुद्राकाठानं जाणारा तोकाइदो, दुसरा डोंगरांतून जाणारा नाकासेन्दो. नाकासेन्दोची लांबी साधारण ५३० किलोमीटर आणि त्यावर मुक्कामाची ६९ गावं. एदोकडून मोजत आलं की त्सुमागो ४२वं आणि पुढचं मागोमे ४३वं. वाटसरूंना जेवण-झोप, सरकारी निरोप्यांना ताजे घोडे आणि हमाल, सरदारांच्या लवाजम्याला उतरायची सोय, ही या गावांची कामं. १८६१ मध्ये शोगुनशी, म्हणजे जपानच्या लष्करी सत्ताधीशाशी, लग्न करायला क्योतोहून एदोला निघालेली राजकन्या काझुनोमिया याच रस्त्यानं गेली होती.

हे सगळं खरंच जुनं आहे, की पर्यटकांसाठी नव्यानं उभारलेलं?

घरं खरी आहेत. ती डागडुजी करून, कुजलेलं लाकूड बदलून, जुन्या रूपात आणली आहेत. पण नव्यानं उभारलेलंही एक मोठं घर आहे, ते सांगायला हवं: सरदारांच्या मुक्कामाचा मुख्य वाडा, म्हणजे होन्जिन. तो मेइजी काळात, म्हणजे १८६८ ते १९१२ च्या दरम्यान, पाडला गेला होता आणि जुन्या नकाशाच्या आधारे १९९५ मध्ये पुन्हा बांधला. त्याच्या समोरच्या बाजूचा दुय्यम वाडा, वाकिहोन्जिन ओकुया, मात्र १८७७ सालचा अस्सल आहे.

शेजारच्या मागोमेची गोष्ट वेगळी. ते गाव १८९५ आणि १९१५ च्या आगींत होरपळलं. त्यामुळे तिथली घरं बरीच नंतरची आहेत, दगडी चढाचा रस्ता आणि समोरचा एना पर्वत मात्र सुरेख. दोन्ही पाहावीत. एकच पाहणं शक्य असेल, तर मी त्सुमागोच सांगेन.

मग त्सुमागोच का टिकलं?

आधी दैवानं, मग माणसांनी. रेल्वे आली ती किसो नदीच्या काठानं, गावाला बगल देऊन. १९११ मध्ये चुओ रेल्वेमार्ग पूर्ण झाला आणि डोंगरातून चालत जाणारा वाटसरू संपला. सराया ओस पडल्या. नवीन बांधायला पैसा नव्हता, म्हणून जुनं तसंच उभं राहिलं. १९६० च्या दशकापर्यंत तरुण मंडळी शहरांकडे निघून गेली होती आणि घरांची छपरं खचत होती.

त्या वेळी आजूबाजूची गावं जुनं पाडून सिमेंटचं बांधत होती. त्सुमागोच्या लोकांनी उलटा विचार केला: आपल्याकडे दुसरं काही नाही, हे गाव आहे, तर हेच सांभाळू. १९६८ मध्ये ‘त्सुमागोवर प्रेम करणाऱ्यांची सभा’ स्थापन झाली आणि देवळाखालच्या तेराशिता भागातल्या घरांपासून दुरुस्ती सुरू झाली. १९७१ मध्ये गावकऱ्यांनी एक सनद केली, तिचं सार तीन शब्दांत आहे: उरानाइ, कासानाइ, कोवासानाइ. विकायचं नाही, भाड्यानं द्यायचं नाही, पाडायचं नाही. जपान सरकारनं १९७६ मध्ये जुन्या वस्त्यांना राष्ट्रीय संरक्षण द्यायला सुरुवात केली, तेव्हाच्या पहिल्या सात ठिकाणांत त्सुमागो होतं. आणि संरक्षण फक्त रस्त्याला नाही. भोवतीचे डोंगर, शेतं, जंगल धरून सुमारे १,२४५ हेक्टर. म्हणून गावात कुठंही उभे राहा, घरांच्या मागे डोंगरच दिसतो.

यातलं ‘भाड्यानं द्यायचं नाही’ हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. घरं विकली आणि भाड्यानं दिली की दर्शनी भिंत राहते, पण आत राहणारं माणूस जातं. बाहेरचा व्यापारी येतो, संध्याकाळी कुलूप लावून निघून जातो. त्सुमागोत दुकानाच्या मागच्या खोलीत आजी राहते. पुण्या-वाईचे वाडे डोळ्यांदेखत जाताना पाहिलेल्या कुणालाही हे तीन शब्द लागतील.

गावात नेमकं काय पाहायचं?

घाई नसेल तर आधी फक्त रस्ता पाहा. विजेचे खांब आणि तारा दिसत नाहीत, त्या घरांच्या मागून नेल्या आहेत. वरचा मजला खालच्यापेक्षा थोडा पुढे आलेला, उभ्या लाकडी गजांची जाळी, काही छपरं लाकडी फळ्यांची आणि वाऱ्यानं उडू नयेत म्हणून त्यांवर ठेवलेले दगड. एका ठिकाणी रस्ता लागोपाठ दोनदा काटकोनात वळतो. त्याला मासुगाता म्हणतात. शत्रू सरळ घुसू नये म्हणून मुद्दाम तसा काढलेला. तिथंच खाली उतरलात की जुन्या साध्या सराया लागतात, गरीब वाटसरूंच्या. गावाच्या उत्तर टोकाला सरकारी हुकूम लावायचा लाकडी फलक आहे आणि जवळच पाण्याचं टाकं. कोतोकुजी देवळाच्या पायऱ्या चढून गेलं की सगळी छपरं खाली दिसतात.

आणि ओकुया. याला एक तास द्या. हा वाडा संपूर्ण हिनोकी, म्हणजे जपानी सायप्रसच्या लाकडाचा आहे, आणि त्यामागे मोठा इतिहास आहे. किसोचं जंगल नागोयाच्या ओवारी संस्थानाच्या ताब्यात होतं. हिनोकी, सावारा, असुनारो, कोयामाकी आणि नेझुको ही पाच झाडं तोडायला सामान्य माणसाला सक्त मनाई होती. ‘हिनोकीचं एक झाड, माणसाचं एक मुंडकं’ अशी म्हणच होती. डोंगरभर हिनोकी आणि घर मात्र दुसऱ्या लाकडाचं, असं पिढ्यान् पिढ्या चाललं. मेइजी काळात ही बंदी उठली आणि ओकुयाच्या मालकांनी अख्खा वाडा हिनोकीचा बांधला. दारू गाळणारं श्रीमंत घराणं होतं. १८८० मध्ये मेइजी सम्राट इथं विसाव्याला थांबले, त्यांच्यासाठी खास तयार केलेलं न्हाणीघर आजही दाखवतात.

मधल्या मोठ्या खोलीत जमिनीत चौकोनी चूल आहे, इरोरी. तिच्यात रोज विस्तव पेटवतात, कारण धूर लागला की लाकडाला कीड लागत नाही. दीडशे वर्षांच्या धुरानं आणि रोजच्या पुसण्यानं तुळया काळ्याभोर चकाकतात. आम्ही जानेवारीत गेलो होतो तेव्हा सूर्य खाली उतरलेला होता, आणि समोरच्या गजांमधून ऊन आत आलं ते पट्ट्या-पट्ट्यांनी. धुरात त्या पट्ट्या इतक्या ठसठशीत दिसत होत्या की हात घालून मोजाव्यात. वाटाड्या काकू चुलीपाशी बसून सांगत होत्या: या बाजूला घरमालक, इकडं पाहुणा, सून तिकडं, फळीवर. माझी आई जपानी एक अक्षर न कळता मान डोलावत होती. सून कुठं बसली असेल हे तिनं आधीच ओळखलं होतं.

कसं पोहोचायचं?

सगळ्यात सोपं नागोयाहून. तिथून ‘शिनानो’ ही एक्स्प्रेस गाडी नाकात्सुगावाला साधारण ५० मिनिटांत पोहोचते. मागोमेपासून चालायचं असेल तर तिथं उतरून बसनं मागोमे, अर्ध्या तासाच्या आत. थेट त्सुमागोला जायचं असेल तर नागिसो स्टेशन, नागोयापासून तासभराचं अंतर. पण सगळ्या शिनानो गाड्या नागिसोला थांबत नाहीत, वेळापत्रक आधी पाहा. नागिसोहून त्सुमागो बसनं दहाएक मिनिटं, किंवा जुन्या वाटेनं चालत तासभर.

तोक्योहून शिनकानसेन या बुलेट ट्रेननं नागोया गाठा, किंवा तोक्योतल्याच शिंजुकू स्टेशनहून ‘अझुसा’ एक्स्प्रेसनं शिओजिरीला येऊन तिथं गाडी बदला.

एक कळकळीची सूचना: मागोमे, त्सुमागो आणि नागिसो यांना जोडणाऱ्या बस दिवसात मोजक्याच असतात. परतीच्या बसची वेळ गावात शिरतानाच फोनमध्ये टिपून ठेवा.

दिवसात होऊन जातं, मग मुक्काम कशाला?

होतं की. बहुतेक लोक तसंच करतात, सकाळी येतात आणि चारच्या सुमारास निघतात. पण मी तुम्हाला एक रात्र राहाच म्हणेन, आणि हा या सगळ्या पानावरचा माझा एकमेव हट्ट समजा.

पाचच्या आसपास दुकानं बंद होतात. शेवटची बस जाते. लाकडी दारं सरकवल्याचे आवाज येतात, एक, मग दुसरा, आणि मग गटारातून वाहणारं पाणी ऐकू यायला लागतं, जे दिवसभर तिथंच होतं. गजांच्या आड पिवळे दिवे लागतात. एखाद्या घरातून आमटीचा वास येतो, कुणीतरी कुत्र्याला फिरवायला बाहेर पडतं आणि ‘कोम्बान्वा’, शुभ संध्या, म्हणतं. दिवसा हे गाव पाहण्यासारखं असतं, रात्री ते राहणाऱ्यांचं होतं, आणि तुम्ही त्यांचे पाहुणे असता. सकाळी साडेसहाला पुन्हा बाहेर पडा. रस्ता झाडणारी माणसं सोडली तर कुणी नसतं.

राहायची सोय कशी असते?

मिन्शुकु, म्हणजे घरगुती खाणावळवजा मुक्काम, आणि काही र्योकान, म्हणजे पारंपरिक जपानी सराया. तातामीवर, म्हणजे गवती चटईच्या जमिनीवर, गादी घालून झोपायचं, न्हाणीघर बहुधा सामाईक, खोल्यांमधल्या भिंती कागदी असल्यासारख्या पातळ. रात्रीचं जेवण सहाच्या आसपास असतं आणि वेळ पाळावी लागते, कारण स्वयंपाक घरातलीच माणसं करतात. खोल्या कमी, त्यामुळे वसंत ऋतूत आणि नोव्हेंबरमध्ये काही महिने आधी आरक्षण करा. सामाईक न्हाणीत साबण लावून, स्वच्छ धुऊन मगच टबात उतरायचं, हे विसरू नका. टबातलं पाणी सगळ्यांसाठी एकच असतं.

मागोमे ते त्सुमागो चालत जायला किती वेळ लागतो? अवघड आहे का?

साधारण ८ किलोमीटर, थांबत-थांबत अडीच ते तीन तास. मागोमेहून सुरुवात करा. मागोमे सुमारे ६०० मीटर उंचीवर आहे, खिंड ८०० च्या आसपास आणि त्सुमागो बरंच खाली, त्यामुळे सुरुवातीचे दोनेक किलोमीटर चढ आणि मग उतारच उतार. वाटेवर पाट्या भरपूर आहेत, चुकायला होत नाही. काही ठिकाणी जुनी दगडी फरसबंदी आहे आणि ती ओली असली की निसरडी होते. सिंहगड चढलेल्या माणसाला काहीच वाटणार नाही.

खिंड ओलांडली की थोड्या वेळात जंगलाच्या मोकळ्या जागेत एक जुनं घर लागतं. पूर्वी इथं वाटसरूंचा चहाथांबा होता. आजही गावची मंडळी इथं येणाऱ्याला चहा देतात आणि पैसे मागत नाहीत. चुलीवर किटली, बाकावर देशोदेशीची माणसं. पेटीत काही टाकावंसं वाटलं तर टाका. त्यापुढे ओदाकी आणि मेदाकी, नर आणि मादी असे दोन धबधबे जवळजवळ आहेत, पायवाटेपासून थोडं खाली उतरून.

बॅगा घेऊन कसं चालायचं?

चालू नका. साधारण मार्चअखेर ते नोव्हेंबरअखेर दोन्ही गावांच्या पर्यटन माहिती केंद्रांमध्ये सामान पोचवायची सोय असते. सकाळी साडेअकराच्या आत एका गावात बॅग द्यायची, दुपारी दुसऱ्या गावात घ्यायची. थोडं शुल्क पडतं. हिवाळ्यात जाणार असाल तर मोठी बॅग नागोयातच लॉकरमध्ये ठेवा.

आई-बाबांचे गुडघे दुखतात. त्यांना जमेल का?

त्सुमागो गाव नक्की जमेल, रस्ता बराचसा सपाट आहे. मुख्य रस्त्यावर दिवसा गाड्यांना बंदी असते, त्यामुळे सावकाश चालता येतं. मागोमेचा रस्ता मात्र सगळा चढाचा. पायवाटेचा अनुभव द्यायचा असेल तर बसनं मागोमे खिंडीपर्यंत जाऊन तिथून फक्त उतार चाला, किंवा धबधब्यांच्या थांब्यापाशी उतरून शेवटचा टप्पा करा. उतार गुडघ्यांना चढापेक्षा जास्त त्रास देतो, काठी हवीच. आणि वाड्यांमध्ये बूट काढून चढ-उतार करावी लागते, ओकुयातले जिने उभे आहेत. सहज घालता-काढता येतील असे बूट आणि गरम मोजे द्या, हिवाळ्यात लाकडी जमीन बर्फासारखी गार असते.

वाटेत अस्वलं असतात असं ऐकलं. खरं का?

खरं आहे, डोंगर त्यांचाही आहे. पायवाटेवर ठिकठिकाणी घंटा टांगल्या आहेत, त्या जोरात वाजवत जा म्हणजे अस्वल आधीच दूर जातं. पहाटे आणि संध्याकाळी एकट्यानं जंगलात जाऊ नका. निघण्याआधी माहिती केंद्रात ताजी सूचना विचारून घ्या.

शाकाहारी माणसाचं काय होणार?

उपाशी राहणार नाही, पण तयारी हवी. अडचण मांसाची नाही, दाशीची आहे. जपानी सारामध्ये, सोबा नावाच्या शेवयांच्या सारात, भाज्यांच्या उकडीतही सुकवलेल्या माशाचा अर्क असतो. ‘भाजीचं आहे’ असं दुकानदार प्रामाणिकपणे सांगतो आणि त्यात दाशी असतेच, कारण त्याच्या हिशेबी दाशी म्हणजे मासा नव्हेच. म्हणून हे वाक्य पाठ करा: निकु तो साकाना वा ताबेमासेन, साकाना नो दाशी मो ताबेमासेन. मांस-मासे खात नाही, माशाची दाशीही खात नाही. मिन्शुकुत हे आरक्षणाच्या वेळीच कळवा, आयत्या वेळी नको. तिथल्या जेवणात नदीचे मासे ठरलेले असतात.

बिनधास्त खाण्यासारखं म्हणजे गोहेइमोची. शिजवलेला भात अर्धवट कुटून काडीवर थापतात, अक्रोड, तीळ आणि सोया सॉसचा दाट लेप लावतात आणि निखाऱ्यावर भाजतात. लेप जिथं करपतो तिथं कडा कुरकुरीत होते आणि आतला भात मऊ, अक्रोडाचा तेलकट गोडवा जिभेवर राहतो. लेपाची कृती दुकानागणिक बदलते, म्हणून दाशी आहे का एवढं विचारून घ्या. शरद ऋतूत गेलात तर नाकात्सुगावाचं कुरिकिन्तोन सोडू नका. उकडलेल्या चेस्टनटचा गर आणि साखर, बास. कापडात पिळून आकार देतात, त्यामुळे वर मोदकाच्या नाकासारखी चुणी येते.

बाकी पिशवीत थेपले, चिवडा आणि मेतकूट असू द्या. पांढरा भात सगळीकडे मिळतो, त्यावर मेतकूट घातलं की रात्र निभते. कांदा-लसूणही चालत नसेल तर जेवणाशिवायचा मुक्काम घ्या आणि सोबत पूर्ण शिदोरी ठेवा.

कोणत्या महिन्यात जावं?

एप्रिलच्या मध्यात चेरी, नोव्हेंबरमध्ये लाल-पिवळी पानं आणि वाळत घातलेली पर्सिमनं. २३ नोव्हेंबरला जुन्या काळच्या पोशाखातली मिरवणूक निघते, सामुराई, वाटसरू, घोड्यावरची नवरी. त्या दिवशी गर्दी फार. जून-जुलैचा पाऊस टाळा. माझा आवडता काळ जानेवारी-फेब्रुवारी. ओकुयातलं ते ऊन तेव्हाच दिसतं आणि रस्त्यावर माणसं कमी. पण काही दुकानं बंद असतात आणि पायवाटेवर बर्फ गोठतो, बुटांना काटे लावल्याशिवाय जाऊ नका.

तिथून आणण्यासारखं काय?

हिनोकीची टोपी. जवळच्या आरारागी वस्तीत बनते. हिनोकीच्या कागदासारख्या पातळ पट्ट्या काढून विणतात. हातात घेतली की वजनच लागत नाही आणि नाकाशी नेली की लिंबासारखा वास. उन्हात तिच्यातून वारा जातो, पावसात पट्ट्या फुगून फटी बुजतात. शिवाय नागिसोची लाकडी भांडी, चाकावर कातलेली. एकाच झाडाची गाठ आणि वलयं वाडग्यावर दिसतात. महाग असतात, पण तोडलेल्या झाडाचा मान राखणारं काम आहे.

रोख पैसे लागतात का?

लागतात. लहान दुकानं, बस आणि काही मुक्काम रोखीवरच चालतात. नागोयातच काढून घ्या.

वागण्याबद्दल काही सांगाल?

उघडं दार म्हणजे आमंत्रण नव्हे. दुकान आणि घर यांचं दर्शन सारखंच असतं, तेव्हा नोरेन, म्हणजे दारावरचा कापडी पडदा, किंवा पाटी दिसल्याशिवाय आत जाऊ नका. गजांना फोन टेकवून आतले फोटो काढू नका. एकदा एका पाहुण्यानं तसं केलं आणि आत एक आजोबा जेवत होते. त्यांनी रागावून नाही, शांतपणे दार सरकवलं. मला अजून ते आठवतं. सिगारेट फक्त नेमलेल्या जागी, सगळं गाव लाकडाचं आहे. कचरा परत सोबत न्या.

ताकायामा की त्सुमागो? आणि नाराई?

ताकायामा शहर आहे, हॉटेलं आणि खाण्याचे पर्याय भरपूर, लहान मुलं असतील तर तिथं सोयीचं. नाराई याच नाकासेन्दोवरचं ३४वं गाव, सुमारे एक किलोमीटर लांब एकच रस्ता आणि रेल्वे स्टेशन अगदी लागून. बस नको असेल तर नाराई उत्तम. शांतता आणि डोंगर हवा असेल तर त्सुमागो.

परतीच्या गाडीला वेळ आहे. नागिसोत काय करावं?

स्टेशनजवळ मोमोसुके पूल आहे. किसो नदीवरचा १९२२ सालचा लाकडी झुलता पूल, २४७ मीटर लांब, वीजप्रकल्पाचं सामान नेण्यासाठी बांधलेला. पुलाच्या मधोमध जाऊन उभे राहा. खाली पांढरे गोटे आणि हिरवं पाणी, दोन्ही बाजूंना हिनोकीचे डोंगर. इसे इथलं मंदिर दर २० वर्षांनी नव्यानं बांधतात, त्याचं लाकूड याच खोऱ्यातून जातं. स्टेशन तिथून चालत थोड्याच मिनिटांवर आहे, त्यामुळे गाडीच्या वेळेआधी अर्धा तास हातात ठेवून निघालात तरी पूल नीट पाहून होतो.